परदेशचा डॉलर आणि घरची मूठ



आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार चळवळीत पुष्कळ झाले. वर्गणी गोळा करण्यात उमर गेली, म्हणून इतिहास वाचतानाही आमची नजर प्रथम पावतीपुस्तकाकडे जाते. कोणी दिले, किती दिले, कोणासाठी दिले आणि देताना काय मागितले, हे चार प्रश्न घेऊन आज एका जुन्या वर्गणीची हकिकत सांगावयाची आहे.

दुरून येणाऱ्या पैशाचे मोल मेढ्याच्या माणसाला सांगावयास नको. जावळीतले तरुण मुंबईला गेले आणि वेण्णाकाठच्या कित्येक चुली मनिऑर्डरीवर पेटल्या. पण बापाने लेकराला पाठविणे निराळे, आणि सातासमुद्रापलीकडच्या परक्याने कधी न पाहिलेल्या मुलासाठी पाठविणे निराळे. भुकेल्या पोराला दिलेला घास प्रभूलाच पोचतो, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेने आपल्या महाराष्ट्रात काय केले, ते पाहू.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या हाताखाली ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळे’ निघाली, आणि मंडळाच्या सभासदाने वर्षाला एक डॉलर, याप्रमाणे दहा वर्षे द्यावयाचे ठरले. आमच्या मते या कथेतली मोठी गोष्ट हीच. एका धनिकाच्या थैलीवर हे काम उभे नव्हते. ती वर्गणी होती, आणि वर्गणीत लहान माणसाचाही वाटा असतो.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदासदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पैसा ख्रिस्ती लोकांचा असला तरी तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा नियम होता. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यासाठी या बाईंनीही वर्गणी जमविली. बोस्टनचा डॉलर असा हिंगण्याच्या वाटेला लागला.

पण त्याच १८९३ साली वादळ उठले. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो, असा बोभाटा झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थना करणे हा रमाबाईंचा हक्क होता, आणि मुलींची काळजी वाटणे हा पालकांचा. या भांडणात मुलींना मात्र फारसे कोणी विचारले नाही.

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून मरणाच्या दारातली मुले-माणसे उचलून केडगावी आणली. तेथील ‘मुक्ती’त शेती, विणकाम, छापखाना चालू झाला, कारण आश्रिताच्या हाताला काम हवे, हे बाईंना उमगले होते. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाने १९०० साली ‘क्विटो’ जहाजातून मका धाडला आणि वाचकांच्या वर्गणीतून पोरक्या मुलांच्या पोटापाण्याचा भार उचलला. हीच रीत पुढे जगभर गेली. कोरियाच्या युद्धानंतर तर एकेका मुलाचे छायाचित्र आणि दाता यांची जोडी लावणाऱ्या मोठमोठ्या ख्रिस्ती संस्था उभ्या राहिल्या.

येथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगावी लागते. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि मनिऑर्डर थांबली. त्या वर्षी एका दानशूर मंडळाने आम्हा संपकऱ्यांच्या मुलांना वह्या दिल्या. देण्यापूर्वी प्रत्येकाकडून आभाराचे पत्र लिहून घेतले. मजकूर फळ्यावर तयार होता. वह्या कामी आल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांतच आम्ही हिशेब शिकलो. पण ते पत्र अजून बोचते, कारण हात आमचा होता आणि शब्द दुसऱ्याचे होते.

म्हणून आम्हाला आपल्या जिल्ह्याकडे पाहावेसे वाटते. ज्यांचे घराणे कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला बालाश्रम चालविला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि घरोघरच्या बायांनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य घातले. मुलांनी कष्ट करून शिकावे, असा तेथला दंडक होता. ज्या घरातून मूठ आली, त्याच घरातला पोरगा उद्या त्या पंगतीला बसणार होता.

परदेशचा डॉलर लहान आणि घरची मूठ थोर, असे आम्ही म्हणत नाही. भुकेने डोळे फिरलेल्या लेकराला मका कोणत्या जहाजाने आला, याची चौकशी करण्याची सवड नसते. ज्या बायांनी हिंदुस्थान न पाहता दहा वर्षे डॉलर भरला, त्यांच्या श्रद्धेला आमचा नमस्कार आहे. आम्ही एवढेच मागतो की, देणाऱ्याने आपल्या देवाचे स्मरण करून द्यावे आणि घेणाऱ्याच्या हाती कोरी वही द्यावी. तिच्यात पहिले अक्षर कोणते काढावयाचे, ते त्या पोराला ठरवू द्यावे.