चुना, थापी आणि धीर

सिंदखेडराजाचे नाव काढताच मराठी मनाला जिजाऊंचे माहेर आठवते. बुलढाणा जिल्ह्यातील या गावी जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी उभी आहे. १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजीरावांची मुलांसह हत्या झाली. त्या शोकाचे हे स्मारक होय.

२०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळातर्फे या समाधीचे जतनकार्य चालू असता मातीत काही दगड दिसले. खोदत गेल्यावर मंदिराचा पाया लागला आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची १.७० मीटर लांबीची मूर्ती प्रकट झाली. जुन्या वास्तूला हात लावणारा माणूस डोळस का हवा, हे यावरून कळते.

असे हात केवळ पुस्तकाने घडत नाहीत. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली जुन्या वास्तूंच्या जतनाची नियमावली सिद्ध केली. परंतु चुना पुरेसा मुरला की नाही, हे कागद सांगत नाही; ते चिमटीलाच कळते. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, वाळू वा सुरखी घालून लोण्यासारखा मऊ होईतो घाणीत दळायचा. मग दगडविटांमधील दर्जा खरवडून, भिजवून, त्यांत तो थापीने दाबून भरायचा आणि वर ओले तरट लावून सावकाश सुकू द्यायचा. हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून तो पुन्हा दगडासारखा होतो. शिकाऊ गवंड्याला कसबाआधी हा धीर शिकावा लागतो.

सिमेंट झटपट आवळते, म्हणून त्याचा मोह पडतो. पण जुनी भिंत ओल शोषते आणि चुन्यावाटे बाहेर सोडते. वर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि विटेचा भुगा होऊ लागतो. दुरुस्तीच मग वास्तूच्या जिवावर उठते.

नको तो उपाय आपल्या मंदिरांनीही सोसला आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष जपणाऱ्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरील गिलावा पोर्तुगीज राजवटीत, १९५० च्या दशकात, काढून टाकण्यात आला आणि तिचा सच्छिद्र जांभा पावसाच्या माऱ्याला उघडा पडला.

आपापल्या धर्मग्रामात जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा विषय निघेल, तेव्हा खर्चाच्या अंदाजपत्रकाआधी चुन्याचे काम जाणणारा वृद्ध गवंडी शोधावा आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत. पडलेली भिंत पुन्हा उभारता येते. पण तो गवंडी निघून गेला, तर त्याच्या हातातली विद्या कोणाकडून घ्यायची?