मापन-उपकरणांची आज्ञाभाषा
विद्युत् दाबमापक, दोलनदर्शक, संकेत जनित्र इ. इलेक्ट्रॉनीय चाचणी उपकरणे संगणकाच्या साहाय्याने दुरून चालविण्यासाठी ठरविलेली आज्ञांची पद्धती. आज्ञेचे शब्द, ते जोडण्याचे नियम आणि त्यांसोबत द्यावयाच्या मूल्यांचे प्रकार यांचा तीत अंतर्भाव होतो.

अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीने १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणे संगणकास जोडणारी एक सामाईक वाहिनी विकसित केली. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स एंजिनियर्स या संस्थेने १९७५ मध्ये तिच्यावरून ४८८ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. तिच्या १६ संकेततारांपैकी ८ माहितीसाठी, ३ देवघेवीचा मेळ राखण्यासाठी व ५ नियंत्रणासाठी असतात. संगणकासह १५ साधने तिला जोडता येतात. या मानकाने तारा व संकेत निश्चित केले. तारांवरून जाणारे शब्द मात्र उत्पादकांवर सोडले. परिणामी एकाच मापनासाठी निरनिराळ्या उपकरणांना निरनिराळ्या आज्ञा द्याव्या लागत व उपकरण बदलले की चाचणीचा कार्यक्रमही बदलावा लागे.

१९८७ मध्ये ४८८.२ या मानकाने ही उणीव अंशतः दूर केली. ओळख विचारणे, मूळ स्थितीत आणणे यांसारख्या सर्वसामान्य आज्ञा ताराचिन्हाने सुरू कराव्यात, असे ठरले. उपकरणाने ऐकताना सैल व बोलताना काटेकोर असावे, हे या मानकाचे मुख्य तत्त्व होय. त्यानुसार ५, ५·० किंवा घातांकी रूपातील तीच संख्या उपकरण स्वीकारते. उत्तर मात्र ठराविक रूपातच देते.

उपकरणाच्या विशिष्ट कार्यांच्या आज्ञा १९९० मध्ये निर्मात्या कंपन्यांच्या संघाने प्रसिद्ध केलेल्या ‘स्किपी’ या मानकाने एकरूप केल्या. तीत आज्ञांची रचना वृक्षासारखी असून तिच्या पायऱ्या अपूर्णविरामाने जोडतात. उदा., ‘मेझर : व्होल्टेज : डीसी ?’ ही आज्ञा एकदिश विद्युत् दाब मोजून कळविण्यास सांगते. प्रश्नचिन्ह असलेली आज्ञा उत्तर मागते. पुरवठा यंत्रास ‘व्होल्टेज ५’ म्हटल्यास दाब ५ व्होल्टवर नेमला जातो, तर ‘व्होल्टेज ?’ म्हटल्यास नेमलेला दाब कळतो. मूल्ये संख्या, चालू-बंद, ठराविक पर्यायशब्द, अवतरणातील अक्षरमाला किंवा लांबी आधी सांगून पाठविलेला माहितीचा गठ्ठा अशा प्रकारची असतात. संख्येऐवजी ‘किमान’ व ‘कमाल’ या अर्थाचे शब्दही बहुधा चालतात. आज्ञा उपकरणाच्या नावावर नव्हे, तर मोजावयाच्या राशीवर आधारलेली असल्याने दाबमापक व दोलनदर्शक यांना एकच प्रश्न विचारता येतो.

तथापि खास सोयींसाठी उत्पादकांना स्वतःच्या आज्ञा जोडण्याची मुभा राहिल्याने उपकरणांची पूर्ण अदलाबदल साधलेली नाही. स्किपी मानक विशिष्ट वाहिनीशी बांधलेले नाही. त्यामुळे मूळ वाहिनीची जागा बव्हंशी यूएसबी व संगणकजाल यांनी घेतली, तरी त्यांवरून त्याच आज्ञा पाठविल्या जातात.