ओलीस राहिलेली माता

१६८९ सालीं रायगड मोंगलांच्या हातीं पडला, तेव्हां येसूबाईंबरोबर सात वर्षांचे शाहूराजे कैद झाले. बादशाही छावणींत मायलेकरें अठरा वर्षें एकत्र होतीं. ताटातूट झाली ती सुटकेच्या वेळीं! १७०७ मध्यें शाहूंना सोडतांना मोंगलांनीं आईस ओलीस ठेवून घेतलें. इकडे चुलती ताराबाईंनीं पुतण्यास तोतया ठरवून खेडला त्याच्यावर सैन्य धाडलें.

१७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, याचें वर्णन इतिहासकार पानेंच्या पानें करितात. त्याच स्वारींत येसूबाई सुटल्या, हें एका ओळींत आटोपतें. वास्तविक शाहूंच्या मोंगलांविषयींच्या नरमाईंत ही बेडी कांहीं कमी जड नव्हती. पंचविशींत निरोप दिलेला मुलगा मातेनें साताऱ्यास पाहिला, तेव्हां तो सदतीस वर्षांचा छत्रपति होता.