रुपयाचे अवमूल्यन, १९६६

भारत सरकारने ६ जून १९६६ रोजी रुपयाच्या सममूल्यात केलेली ३६.५ टक्के कपात. डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. म्हणजे शंभर डॉलरचे यंत्र आदल्या दिवशी ४७६ रुपयांना पडत होते, ते आता ७५० रुपयांना. परकीय कर्जाचा रुपयांतील बोजाही, एक नवा पैसा न उचलता, एका रात्रीत त्याच प्रमाणात वाढला. १९६५चे युद्ध, दुष्काळ आणि आटलेली परकीय गंगाजळी यांमुळे सरकार कोंडीत होते. जागतिक बँकेचाही आग्रह होता. चलन स्वस्त केले की निर्यात वाढते, हे सूत्र येथे फारसे लागू पडले नाही. ताग, चहा यांवर त्याच वेळी निर्यातशुल्क बसले, निर्यातीची अनुदाने निघाली; कागदावरच्या ३६.५ टक्क्यांपैकी निर्यातदाराच्या पदरात बरेच कमी पडले. शिवाय त्या वर्षीही पाऊस रुसला. विकायला आधी माल हवा, तो शेतातच नव्हता. महागाईचे खापर मात्र सगळे अवमूल्यनावर फुटले, आणि ते सर्वस्वी न्याय्य नव्हते. यानंतर औपचारिक अवमूल्यनाला थेट जुलै १९९१ पर्यंत कोणत्याही सरकारने हात घातला नाही.