वाघोलीचे शास्त्री आणि देहूचे श्रोते



वाघोली म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? नगर रोडचं ट्रॅफिक, पाण्याचे टँकर, उंच उंच सोसायट्या आणि सकाळी खराडीकडे निघालेली ऑफिसची गर्दी. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत आलं. पण मराठी भक्तिसंगीताच्या इतिहासात वाघोलीचं नाव पावणेचारशे वर्षांपूर्वीच आलंय, आणि ते आलंय एका टीकाकारामुळे.

त्या टीकाकाराचं नाव रामेश्वरभट्ट. वाघोलीचे मोठे विद्वान, वेदशास्त्र जाणणारे. त्यांनी टीका केली ती देहूच्या तुकाराम बोल्होबा मोरे यांच्या अभंगांवर. हो, आपले तुकोबा! आज तुमच्या फोनमध्ये लताबाईंचं 'अभंग तुकयाचे' असेल, भीमसेनजींचे अभंग असतील. त्यातले शब्द एके काळी नदीत बुडवायला लावले होते. मग ते आपल्यापर्यंत पोचले कसे? आजच्या भागात हीच गोष्ट बघूया. आणि यात माझं लक्ष तुकोबांपेक्षा जरा जास्त त्यांच्या श्रोत्यांकडे असणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तुकोबांचा जन्म साधारण १६०८ चा धरतात. घरी शेती, वाण्याचं दुकान, सावकारी आणि विठ्ठलाची पिढीजात भक्ती. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. यानंतर त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं होती ना, त्यातली आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवून टाकली. नदी आणि कागद, एवढं लक्षात ठेवा. हीच जोडी पुढे पुन्हा येणार आहे.

मग कीर्तन सुरू झालं, अभंग सुरू झाले. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कविता कर म्हणाले, असं तुकोबांनी स्वतःच लिहिलंय. लोक ऐकायला यायला लागले. कोण लोक? तर चाकणचे संताजी जगनाडे, जातीने तेली. कडूसचे गंगाराम मवाळ, ब्राह्मण. हे दोघं अभंग उतरवून घ्यायचे, असं वारकरी परंपरा सांगते. तुकोबांच्या मागे उभे राहणारे चौदा टाळकरी होते म्हणतात. वेगवेगळ्या जातींची माणसं एका चालीवर टाळ धरून उभी राहायची. आज यात काही विशेष वाटत नाही. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

इथेच ठिणगी पडली. रामेश्वरभट्टांचा आक्षेप काय होता, ते नीट बघा. तुका शूद्र आहे. त्याच्या तोंडून वेदांचा अर्थ निघतो, तोही संस्कृतात नाही, प्राकृतात. आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात. आता या यादीत गाण्याबद्दल काय आहे? चाल वाईट आहे, शब्द कच्चे आहेत, अर्थ चुकलाय, असं काही? काहीच नाही! सगळी तक्रार गाणाऱ्या माणसाच्या जातीबद्दल आणि भाषेबद्दल. ही टीका अन्यायाची होती ती याच कारणाने. कडक टीका कोणीही करावी, कलावंताने ती ऐकावी. पण इथे कलाकृतीला हातच लावलेला नव्हता. 'हे तू म्हणायचंच नाहीस', एवढाच मुद्दा होता.

शिवाय हे नुसतं मत नव्हतं. महिपतींनी अठराव्या शतकात संतांची चरित्रं लिहिली. ते सांगतात, की रामेश्वरभट्टांनी दिवाणाकडे तक्रार नेली आणि तुकोबांना गावाबाहेर काढायचा हुकूम देहूच्या पाटलाला आला. म्हणजे टीकाकाराच्या पाठीशी सत्ता होती. तुकोबा भट्टांना भेटले, देवाची आज्ञा म्हणून लिहितो म्हणाले. उत्तर मिळालं, यापुढे लिहू नकोस आणि लिहिलेलं पाण्यात बुडव. तुकोबांनी वह्या इंद्रायणीत बुडवल्या. परंपरेत असंही सांगतात, की तेव्हा लोक हसले. आधी खतं बुडवून संसार बुडवला, आता अभंग बुडवून परमार्थही बुडवला!

तुकोबा नदीकाठी शिळेवर अन्नपाण्याशिवाय बसून राहिले. तेरा दिवस. आणि मग वह्या कोरड्याच्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. पाण्यात कागद राखले गेल्याचा उल्लेख तुकोबांच्या स्वतःच्या अभंगातही येतो. ती शिळा आजही देहूत आहे, तिच्यावर शिळा मंदिर आहे.

यावर श्रद्धा ठेवायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जरा वेगळ्या बाजूनेही बघूया. समजा, वह्या वर आल्याच नसत्या, तर अभंग गेले असते का? मला नाही वाटत. कारण तोवर ते फक्त वहीत राहिलेच नव्हते. टाळकऱ्यांना पाठ होते, दळण दळणाऱ्या बायकांच्या ओठांवर होते, वारीच्या वाटेवर होते. वही बुडवता येते हो, पण गावोगावच्या माणसांच्या तोंडातलं गाणं कसं बुडवणार?

ही नुसती कल्पना नाही, याला साक्षीदार आहे. एक श्रोती. तिचं नाव बहिणाबाई. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या बरं का, या सतराव्या शतकातल्या.) जन्म १६२८ चा, घर ब्राह्मणाचं, लग्न अगदी लहानपणी झालेलं. फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. कुठे देहू आणि कुठे कोल्हापूर! ना छापखाना, ना रेडिओ. तरी अभंग तिथवर पोचले होते, एका कीर्तनकाराच्या गळ्यातून.

बहिणाबाईला तुकोबांचा ध्यास लागला. नवरा वेदपाठी. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं? त्याने तिला मारहाण केली. हे तिने स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलंय. पुढे नवऱ्याचं मन पालटलं आणि ते कुटुंब देहूलाच येऊन राहिलं. तिथेही सुटका नव्हती. मंबाजी नावाच्या गोसाव्याला तुकोबांचा राग होता. त्याने बहिणाबाईच्या गाईला मारलं. पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना पत्रही पाठवलं, की हा शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याला नमस्कार करतात. म्हणजे तक्रार तीच जुनी. पण त्या पत्रात एक नवी गोष्ट होती. नमस्कार करणाऱ्यांत मंबाजीने एक नाव घेतलं होतं, वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचं!

काय झालं होतं मधल्या काळात? कथा अशी, की भट्ट पुण्याला आले, नागझरीकडे अनगडशहा फकिराच्या जागेत त्यांनी स्नान केलं आणि त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या थांबेना. ते आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीपाशी जाऊन बसले. तिथे त्यांना दृष्टान्त झाला, की तुकोबांकडे जा. तुकोबांनी काय केलं? टोमणा मारला नाही, हिशोब मागितला नाही. एक अभंग लिहून पाठवला. मन शुद्ध असेल तर वैरीही आपला होतो, अशा आशयाचा. तो वाचून दाह शमला, असं परंपरा सांगते.

दाहाची गोष्ट तुम्हाला शब्दशः घ्यायची नसेल तर नका घेऊ. पण पुढचं तर समोर दिसतंय. रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले. त्यांच्या नावाचे, तुकोबांची थोरवी सांगणारे अभंग गाथेत छापले जातात. आणि देहूपासून गल्लीतल्या भजनी मंडळापर्यंत तुकोबांची जी आरती रोज म्हटली जाते ना, तिच्या शेवटी नाव येतं रामेश्वराचं. ज्याने अभंग बुडवायला सांगितले, त्याचंच गाणं लोक तुकोबांसाठी गातात! श्रोत्यांनी त्याला हाकलून दिलं असतं, तर ही आरती आपल्याला मिळाली नसती.

तुकोबा १६५० मध्ये गेले. लिहून ठेवणाऱ्यांचं काम मात्र संपलं नाही. संताजींच्या वह्या घराण्यात जपल्या गेल्या आणि वि. ल. भाव्यांनी १९१९ मध्ये त्यांवरून गाथा छापली. त्याआधी १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या मदतीने मोठी गाथा निघाली होती, इंदुप्रकाश छापखान्यातून. साडेचार हजारांच्या आसपास अभंग, आणि सरकारने दिले चोवीस हजार रुपये. त्या काळचे बरं का!

टीकाही थांबली नाही, फक्त तिचा सूर बदलला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वारकरी संतांना 'संताळे' म्हणून हिणवलं. टाळ कुटून समाज दुबळा होतो, असा त्यांचा रोख. त्याच सुमारास, १९०० साली, न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेवरच्या आपल्या पुस्तकात उलट मांडणी केली. संतांनी जातीजातींतल्या माणसांना एकत्र आणलं म्हणूनच पुढचा इतिहास घडला, असं ते म्हणाले. हा वाद कागदावर झाला, दोन्ही बाजूंनी मुद्दे आले. कोणाचं पटतं ते तुम्ही ठरवा. पण अशा टीकेला उत्तर देता येतं, कारण ती निदान संतांच्या कामाबद्दल बोलते. जातीवरून तोंड बंद करणाऱ्याला काय मुद्दा सांगणार?

म्हणून मला तुकोबांचे श्रोते फार मोठे वाटतात. त्यांच्याकडे ना पद होतं, ना दिवाणाकडे वशिला. त्यांनी ऐकलं, पाठ केलं, उतरवून घेतलं, पुढच्या गावात जाऊन गायलं. बहिणाबाईंनी मार खाऊन गायलं. आणि समोरचा बदलून आला तेव्हा त्याच्याही हातात टाळ दिला. मात्र हे गोड वाटतं म्हणून एक गोष्ट विसरू नका. तेरा दिवस एक माणूस उपाशी बसला होता, फक्त स्वतःचे शब्द स्वतःच्या भाषेत म्हणता यावेत म्हणून. शेवट चांगला झाला, म्हणून तो अन्याय लहान होत नाही.

आज देहूत इंद्रायणीच्या काठावर गाथा मंदिर आहे. जे अभंग त्या नदीत बुडवले, ते तिथे भिंतींवर कोरलेत. आणि वाघोलीत वाघेश्वराचं जुनं देऊळ अजून उभं आहे, ट्रॅफिकच्या कोलाहलात. कधी नगर रोडला अडकलात तर हॉर्न वाजवण्याऐवजी तुकोबांचा एखादा अभंग लावा. तुमच्या कानापर्यंत तो किती जणांनी सांभाळत आणलाय, ते आता तुम्हाला माहितीये.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा. रामकृष्णहरी!