हेल्मेट डोक्याला, मग गुडघ्याला काय? टू-व्हीलरसाठी रायडिंग पँट घेताना काय बघावे

तालुका प्रतिनिधी : गाडी घसरली की माणूस पहिल्यांदा कशावर पडतो? बहुतेक वेळा गुडघा, खुबा आणि तळहात. डोकं वाचवायला हेल्मेट आहे, त्याचा कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. कमरेखालच्या भागासाठी मात्र अशी सक्ती नाही. त्यामुळे लेंगा, धोतर, ट्रॅक पँट नाहीतर साधी जीन्स घालूनच रोजचा प्रवास चालतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे ४४ टक्के टू-व्हीलरवरचे होते. जे वाचतात त्यांच्यातही कितीतरी जण गुडघ्याच्या, मांडीच्या जखमेने महिना-महिना घरी बसतात. नोकरदाराला रजा तरी टाकता येते. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचा गुडघा गेला, किंवा रोज सकाळी डेअरीला दूध घालणाऱ्याचा पाय सोलला, तर त्याची रजा कोण देणार? म्हणून रायडिंग पँट हा फक्त लडाखला जाणाऱ्या पोरांचा विषय नाही. तालुक्याला, बाजाराला, कारखान्यावर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाणणाऱ्याने तर हे माहीत करून घ्यायलाच हवे.

साधी पँट का पुरत नाही?

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. एवढ्या वेगात माणूस गाडीवरून पडला तर डांबरावर वीस मीटरच्या आसपास घसरत जाऊ शकतो. साधी सुती जीन्स डांबराच्या घासणीत क्षणात फाटते आणि त्यानंतर घासते ती कातडी. ट्रॅक पँटचं तर आणखी वाईट. तिचं पातळ पॉलिस्टर घासणीच्या उष्णतेने वितळतं आणि जखमेला चिकटतं. डॉक्टरला ते काढताना रुग्णाचे हाल होतात. धोतर आणि सैल लेंग्याला दुसरा धोका चाकात किंवा चेनमध्ये अडकण्याचा.

रायडिंग पँटची कामं दोन. एक, घसरताना कातडी सोलू न देणे. दोन, गुडघा आणि खुबा आपटल्यावर हाडाला बसणारा दणका कमी करणे. पहिलं काम कापडाचं, दुसरं आतल्या पॅडचं. दोन्ही चांगले असतील तरच पैसे सत्कारणी लागले म्हणायचे.

कापड कोणतं?

चामडं : घासणीला सगळ्यात दमदार. गाई-म्हशीचं जाड चामडं शर्यतीत वापरतात ते याचसाठी. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते रोज घालणं अवघड आहे, पावसात भिजलं तर जड होतं आणि निगाही जास्त लागते.

जाड नायलॉन-पॉलिस्टर : बाजारात सगळ्यात जास्त मिळणारा प्रकार. 'कॉर्ड्युरा' हे नाव जाड, मजबूत नायलॉनसाठी ऐकायला येतं. मांडीवर-पोटरीवर एक कापड आणि गुडघा-ढुंगणावर जास्त जाड कापड, असं असेल तर चांगलं. कापडापुढे ६०० डी, १००० डी असे आकडे असतात. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये, कापड नायलॉन आहे की पॉलिस्टर तेही विचारावे. सारख्या जाडीत नायलॉन सहसा जास्त टिकतं.

जाळीची पँट : वारा आत येतो म्हणून उन्हाळ्यासाठी बरी. जाळी जिथे असते तिथे घासणीला कमी टिकते. म्हणून जाळी फक्त मांडीच्या पुढच्या बाजूला असावी. गुडघा, खुबा आणि बसायची जागा यांना सलग जाड कापडच हवं.

रायडिंग जीन्स : दिसायला साधी जीन्स, पण आतून अ‍ॅरामिड धाग्याचं (लोक त्याला केव्हलार म्हणतात) अस्तर. कचेरीत, लग्नात, बाजारात घालून जाता येते. बघायचं एवढंच की अस्तर गुडघ्यापुरतं आहे की खुबा आणि मागच्या बाजूलाही आहे. काही जीन्समध्ये तळहाताएवढा तुकडा लावून 'केव्हलार जीन्स' म्हणून विकतात. दुकानात उलटी करून आतून बघावी.

पॅड कसे ओळखायचे?

पॅडशिवायची रायडिंग पँट म्हणजे नुसतं जाड कापड. गुडघ्याला आणि खुब्याला पॅड हवेत. युरोपात पॅडसाठी ईएन १६२१-१ नावाचं मानक आहे. आपल्याकडच्या चांगल्या कंपन्याही तेच पाळतात. त्यात लेव्हल १ आणि लेव्हल २ असे दोन दर्जे. ५० ज्यूलचा दणका दिल्यावर पॅडच्या पलीकडे पोचणारा जोर लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत, तर लेव्हल २ मध्ये २० किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे. म्हणजे लेव्हल २ चा पॅड गुडघ्याला जास्त वाचवतो.

पॅड खिशातून बाहेर काढून त्यावरची अक्षरं वाचावीत. के म्हणजे गुडघा, एच म्हणजे खुबा, एस म्हणजे खांदा आणि ई म्हणजे कोपर. ही अक्षरं इंग्रजीत असतात. कोपराचे पॅड गुडघ्यात कोंबलेले असतील तर ती पँट परत करावी. टी+ अशी खूण असेल तर तो पॅड ४० अंश तापमानातही तपासलेला आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही खूण कामाची, कारण काही पॅड गरम झाले की मऊ पडतात आणि त्यांचा जोर कमी होतो.

सीई शिक्क्याची गोम

इथे बरेच जण फसतात. पँटच्या टॅगवर 'सीई' लिहिलेलं असतं, पण तो शिक्का नुसत्या पॅडचा असतो, पँटचा नव्हे. अख्ख्या पँटसाठी वेगळं मानक आहे, ईएन १७०९२. ते २०२० साली आलं. त्यात कपड्याची घासणी, शिवण आणि फाटण्याची ताकद तपासतात आणि दर्जा देतात :

• एएए : सगळ्यात वरचा. जास्त वेगाच्या प्रवासासाठी. सहसा जड आणि गरम.
• एए : हायवेवर नेहमी जाणाऱ्यांसाठी चांगला मेळ.
• ए : हलकी, गावातल्या आणि तालुक्याच्या प्रवासाला. उन्हाळ्यात सोसवते.
• बी : घासणीला 'ए' एवढीच, पण पॅडशिवाय. पॅड वेगळे घालावे लागतात.
• सी : नुसते पॅड धरून ठेवणारी आतली जाळी. घासणीपासून वाचवत नाही.

पँटच्या आत शिवलेल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि त्याजवळ यांपैकी एक दर्जा असेल तर अख्खी पँट तपासलेली आहे. ती पट्टी नसेल तर दुकानदार काही सांगो, फक्त पॅड तपासलेले आहेत असं समजावं. 'ए' दर्जाच्या पँटमध्ये खुब्याचे पॅड असतीलच असं नाही. ते वेगळे विचारून घ्यावेत.

माप गाडीवर बसून बघा

आरशासमोर उभं राहून पँट बघितली तर फसगत होते. गाडीवर बसलं की पँट वर सरकते आणि गुडघ्याचा पॅड मांडीवर येतो. म्हणून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीवर पँट घालून बसावे, पाय फूटरेस्टवर ठेवावेत आणि मग पुढच्या गोष्टी तपासाव्यात :

• गुडघ्याचा पॅड वाटीवर बरोबर बसतो का? पॅडच्या खिशाला वर-खाली करायची सोय आहे का?
• हाताने पॅड बाजूला ढकलून बघावा. सहज फिरत असेल तर पडताना तो जागेवर राहणार नाही.
• बसल्यावर पँटची खालची कड घोट्याच्या वर चढते का?
• कमरेत पट्टा किंवा वेल्क्रो आहे का? सैल पँट घसरताना वर ओढली जाते.
• गिअर टाकताना, ब्रेक दाबताना गुडघ्याच्या मागे आवळतं का?
• ढुंगणाची आणि मांडीच्या आतली शिवण दुहेरी-तिहेरी आहे का? पडल्यावर आधी शिवण उसवते, मग कापड जातं.

ऑनलाइन मागवायची असेल तर कमर, खुबा आणि मांडीच्या आतून घोट्यापर्यंतची लांबी टेपने मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघावी. परत घ्यायची सोय आहे की नाही ते आधी वाचावे. महिलांसाठी वेगळ्या मापाच्या पँट मिळतात. पुरुषांच्या मापात खुब्याचा पॅड सहसा चुकीच्या जागी येतो.

खिशाला परवडायचं कसं?

चांगली पँट साधारण पाच-सहा हजारांपासून पुढे पडते. सहा हजार म्हणजे डीएपीच्या चार-साडेचार गोण्या. रक्कम छोटी नाही. जमत नसेल तर पायरीपायरीने जावं.

पहिली पायरी : आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट. ते नसताना पँट घेण्यात अर्थ नाही. दुसरी : साध्या जाड पँटवरून किंवा आतून बांधायचे गुडघ्याचे गार्ड. दोन-अडीच हजारांच्या आत मिळतात, गुडघ्याची वाटी वाचवतात. मात्र मांडी आणि खुबा उघडाच राहतो. तिसरी : नेहमीच्या पँटवरून चढवायची रायडिंग पँट. तालुक्याला पोचलं की काढून डिकीत ठेवता येते. दूधवाले, फेरीवाले, बँकेचे वसुलीवाले यांना हीच सोयीची.

जुनी पँट घेताना पॅड वाकवून बघावेत. कडक झालेले, चिरलेले, भुगा पडणारे पॅड निरुपयोगी. एकदा जोरात आपटलेले पॅडही बदलावेत, वरून धड दिसत असले तरी.

निगा

धुण्याआधी पॅड काढून ठेवावेत. सौम्य साबण आणि गार पाणी वापरावं, ब्लीच नको, दगडावर आपटणं नको. सावलीत वाळवावी. कडक उन्हात नायलॉनचा धागा कमजोर होतो. पावसाळ्यात आतला रबरी थर घालण्यापेक्षा वरून साधी रेनपँट चढवली तर कापड कोरडं राहतं आणि भिजून जड होत नाही. गरम सायलेन्सरला पँट टेकू देऊ नये, नायलॉन लगेच वितळतं.

पडलंच तर

खरचटलेल्या जागी हळद, कॉफी, टूथपेस्ट, माती काही लावू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याने खडी-माती धुवावी, स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात जावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. जखमेला चिकटलेलं कापड ओढून काढू नये. पाय वाकडा दिसत असेल, टेकवता येत नसेल तर माणसाला गाडीवर बसवून नेऊ नये. १०८ ला फोन करावा, ती रुग्णवाहिका मोफत आहे.

मागे बसणाऱ्यालाही तेवढंच लागतं, हे घरात सांगायला हवं. साडी नेसून बसणाऱ्या बाईच्या गाडीला साडीगार्ड काढून टाकलेला असेल तर तो आजच बसवून घ्यावा. त्याला पँटएवढा खर्च नाही.

थोडक्यात : आधी हेल्मेट, मग गुडघ्याचे गार्ड, मग पँट. पँट घेताना आतल्या पट्टीवरचा दर्जा वाचा, पॅड बाहेर काढून बघा आणि गाडीवर बसून माप घ्या. या तीन गोष्टी बघायला दुकानात दहा मिनिटं जास्त लागतील. गुडघा गेला तर अख्खा हंगाम जातो.