प्रस्तावना : नाउसाच्या लाल वाइनपासून सुरुवात

वाइन चाखायला खानदानी जीभ लागते हा समज इतका पक्का रुजलाय, की उत्सुक माणूसही उंबरठ्यावरूनच परत फिरतो. इथे लागते ते फक्त लक्ष, आणि ते सरावाने येते. सुरुवात कुठून करायची, एवढाच काय तो प्रश्न. बहुतेक पुस्तके फ्रान्सपासून करतात. मी उत्तर ग्रीसमधल्या नाउसापासून करतो आहे.

मॅसेडोनिया प्रांतातले हे गाव वेर्मिओ डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. नाउसा हे नाव बाटलीवर लावायचे, तर लाल वाइन क्सिनोमाव्रो या एकाच जातीच्या द्राक्षाची हवी आणि ती किमान १२ महिने ओकच्या पिंपात मुरलेली हवी. प्रदेशाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण तिला १९७१ सालीच मिळाले. बुतारी घराण्याने तर इथे वाइनचा व्यवसाय १८७९ सालीच सुरू केला होता.

नवशिक्याला हीच का द्यायची? कारण ती डोळ्यांना चकवते. पेल्यात ओतल्यावर तिचा रंग फिकट दिसतो, जुनी असेल तर कडेला विटकरी छटा असते, आणि आपण मनात सौम्य, हलक्या वाइनची तयारी करतो. घोट घेताच आधी धारदार आंबटपणा येतो आणि पाठोपाठ हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. रंगाचा अंमल किती जबर असतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या एका प्रयोगाने दाखवले. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकाची ही गत होते, म्हणूनच चाखताना प्रत्येक इंद्रियाची साक्ष वेगवेगळी नोंदवायची असते.

तुरटपणाजवळ जरा थांबायला हवे. आयुर्वेदाने त्याला सहा रसांत जागा दिली. आजचे संवेदनशास्त्र त्याला बहुधा स्पर्श मानते. द्राक्षाच्या साली-बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत होते. कच्चे केळे खाल्ल्यावर होते तसेच. एवढे एकदा कळले की जेवणाची सांगड आपोआप सुचू लागते.

युवेत्सी हा ग्रीक घरांतला पदार्थ घ्या. कोकराचे मटण टोमॅटोच्या रसात शिजते, त्यातच तांदळाच्या आकाराचा बारीक पास्ता पडतो, आणि मातीच्या भांड्यात सगळे भट्टीतून निघाले की वरून केफालोतिरीसारखे खारट, कडक चीज किसतात. या घासानंतर नाउसा प्या. टॅनिनला आता मटणातली प्रथिने भेटलेली असतात, त्यामुळे हिरड्यांवरची पकड सुटते. टोमॅटोच्या आंबटपणापुढे वाइनचा आंबटपणा नरम वाटतो. मीठही कडा घासून काढते. मग आतापर्यंत दबलेले वास वर येतात : सुकवलेला टोमॅटो, ऑलिव्ह, लाल फळे. नुसती प्यायल्यावर जिला आडदांड म्हटले असते, ती हीच वाइन. म्हणून माझे ठाम मत आहे, की क्सिनोमाव्रोचा निवाडा ताटाशिवाय करूच नये.

ग्रीसमधल्याच नेमेआच्या आयोर्यीतिको द्राक्षाची वाइन याहून मऊ आणि पहिल्या भेटीतच आवडणारी. पण शिकवते कमी.

आपल्या जेवणाबद्दल एक सावधगिरी. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि टॅनिनचा खरखरीतपणा त्यात भर घालतो. तरुण नाउसा तांबड्या रश्श्याशेजारी ठेवली, तर दोघांचेही नुकसान. बेताच्या तिखटाचे, टोमॅटो घालून मंद आचेवर शिजवलेले मटण मात्र तिला छान मानवते. दहा-बारा वर्षे मुरलेल्या बाटलीतले टॅनिन निवलेले असतात. तिच्यासोबत लोण्यावर परतलेली अळंबीही पुरते.

वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान त्याच्या खूप वर जाते, तेव्हा बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. तरुण असेल तर पिण्याआधी तासभर रुंद भांड्यात ओतून हवा लागू द्या. पहिला घोट घासाआधी घ्या, दुसरा घासानंतर. दोन्हींच्या नोंदी समोरासमोर लिहा : आंबट किती, तुरट किती, वास कशाचा. पुढच्या प्रकरणांचे काम या दोन रकान्यांतल्या फरकापासूनच सुरू होते.